आमचे दोन्ही बाबूजी

कुठून सुरुवात करू बाई! हसाल तुम्ही, हसाच. पण त्या दुपारी मानक नगरच्या आमच्या अर्ध्या कॉलनीला मी ढसाढसा रडवलं होतं. आणि तेही एका ड्रॅगनपायी!

थांबा, नीट सांगते.

माझी मुलगी मैत्री. लखनौमध्येच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. तिच्या कपाटात एका काल्पनिक मालिकेचे जाडजूड भाग होते. जादू, किल्ले, उडणारे प्राणी. मी शाळेत गणित शिकवणारी बाई, मला हे सगळे रिकामपणचे उद्योग वाटायचे. तिला रागवायचं म्हणून एकदा पहिला भाग हातात घेतला. बघू तरी, आहे काय एवढं!

भाजी करपली हो माझी! दुसऱ्या भागात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या. शेवटी मैत्रीच मला ओरडायला लागली, "मम्मी, किताब रखो यार, पहले खाना खा लो!"

काय लिहिलंय त्या लेखिकेनं! त्यातला म्हातारा ड्रॅगन म्हणजे तर माझा जीव. पंख फाटलेले, दात पडलेले, खोकला की नाकातून धूर. चिडका इतका की राजावरही खेकसायचा. पण गावातली पोरं पाठीवर चढली की डोळे मिटून गप्प पडून राहायचा. त्याचं मूळ नाव आम्हा दोघींच्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून मैत्रीनं त्याचं बारसं केलं. बाबूजी.

आता घोळ इथेच आहे. माझे सासरे नागपूरला असतात. मी त्यांना बाबा म्हणते, मैत्री आजोबा म्हणते. दर थंडीत ते आमच्याकडे येतात, खाली उन्हात खुर्ची टाकून बसतात आणि अग्निशमन दलात असताना कुणाकुणाला आगीतून बाहेर काढलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. होळी झाली की परत नागपूर. आणि कॉलनी त्यांना काय म्हणते?

बाबूजी!

हे माझ्या डोक्यात यायला नको होतं का? नाही आलं.

परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली होती. हे ऑफिसात, मैत्री क्लासला, घरात मी आणि शेवटचा भाग. पोरं गुहेत अडकलेली, चारी बाजूंनी वणवा. बाबूजींच्या पोटातली आग केव्हाच विझलेली, सगळे त्यांची टिंगल करायचे. ते पोरांना बाहेर ढकलतात, गुहेच्या तोंडाशी उभे राहतात आणि म्हणतात, "आयुष्यभर आग ओकली, आज थोडी परत घेतो." आणि तो अख्खा वणवा गिळायला लागतात!

पुढचं पान नुसतं काळं. एक अक्षर नाही.

मी पुस्तक मिटलं आणि हंबरडा फोडला. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या श्रीवास्तव भाभी, माझी चाळणी परत द्यायला आलेल्या.

"अरे सीमा जी! क्या हुआ?"

"भाभी... बाबूजी नहीं रहे!"

चाळणी खणकन खाली पडली. "हाय राम! कब?"

"बस, अभी-अभी."

"कैसे?"

"बच्चे आग में फँस गए थे. सबको निकाला, ख़ुद रह गए."

"इस उम्र में?"

"उम्र कहाँ देखी उन्होंने!"

भाभी मटकन तिथेच बसल्या. "हम कहते थे न, बाबूजी जाएँगे तो ऐसे ही शान से जाएँगे."

मला काय वाटलं सांगू? भाभींचा मुलगा ही मालिका वाचतो, तर भाभीसुद्धा गुपचूप वाचत असणार! केवढा आधार वाटला मला! गळ्यात पडून रडले मी त्यांच्या.

थोड्या वेळानं भाभी परत आल्या, हातात गरमागरम तहरीचं पातेलं. तहरी म्हणजे इकडचा मसालेभात. मागे कॉलनीतल्या पाच-सहा बायका, सगळ्या फिक्या साड्यांत.

"आज आपके यहाँ चूल्हा नहीं जलेगा," भाभी म्हणाल्या.

मी भारावूनच गेले. याला म्हणतात लखनौची तहजीब! ड्रॅगन गेला तरी शेजारी जेवण आणतात!

"ऊपर से कितना डाँटते थे," एक जण डोळे पुसत म्हणाली, "अंदर से बिलकुल मोम."

"बिलकुल मोम!" मी हुंदका दिला. वाटलं, काय बारकाईनं वाचलंय हिनं!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हे. चेहरा पांढराफटक. सगळ्यांदेखत माझे हात धरले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे असे रडलेले मी पाहिले नव्हते.

"अहो, तुम्ही पण वाचलंत?" मी विचारलं.

"काय वाचलं? श्रीवास्तवांचा फोन आला ऑफिसात. बाबा फोन उचलत नाहीयेत. सीमा, आगीत कसे गेले गं बाबा?"

"अहो... बाबा नाही! ड्रॅगन!"

"काय?"

"ड्रॅगन गेला! पुस्तकातला!"

आणि यांचा फोन वाजला. स्पीकरवर खणखणीत आवाज, "का बे, इतके फोन कायले केले? विहारात गेलो होतो, फोन घरीच राहिला."

हे मटकन जमिनीवर बसले. फोन छातीशी धरून नुसते "बाबा, बाबा" करत राहिले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! शेवटी मीच फोन घेतला आणि रडत रडत सगळं सांगितलं. बाबा हसून हसून खोकायला लागले.

"सूनबाई, मी किती पोरं वाचवली म्हणे?"

"सगळी, बाबा."

"मंग राहू दे तसंच. लोकायले खरं सांगू नको!"

मी सगळ्यांसमोर हात जोडले. कुणी एक शब्द लावून बोललं असेल तर शपथ! भाभींनी डोळे पुसले, "बाबूजी सलामत हैं, और क्या चाहिए? तहरी सब यहीं खाएँगे." ताटं मांडली गेली. वाढता वाढता भाभींनी हळूच विचारलं, "अच्छा, वो दूसरे वाले बाबूजी कौन थे?"

मग मी सांगायला लागले. पहिल्या भागापासून! पंख, खोकला, पोरं, टिंगल, वणवा. "आज थोड़ी वापस लेता हूँ" या वाक्याला सगळ्यांचे घास हातात राहिले. पदर डोळ्यांना लागले. आमचे हे, ज्यांनी मालिकेतलं एक पान उघडलेलं नाही, तेही नाक पुसत होते. लेखिका समोर असती तर मी तिच्या पाया पडले असते.

या सगळ्यात मैत्री क्लासहून आली. दारातच थबकली.

"मम्मी, ये सब रो क्यों रहे हैं?"

"बाबूजी गेले गं," मी म्हणाले. "आपले, पुस्तकातले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "मम्मी, काले पन्ने के बाद वाला पढ़ा?"

"त्याच्यानंतर काय असणार?"

तिनं कपाळावर हात मारला, पुस्तक उघडलं, काळं पान उलटलं. त्याच्यामागे आणखी एक अख्खं प्रकरण! बर्फ वितळतंय, पोरं गुहेपाशी फुलं ठेवायला आलीत. राखेचा ढीग जरासा हलतो आणि आतून कुणीतरी खोकतं.

"बाबूजी ज़िंदा हैं, मम्मी!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. श्रीवास्तव भाभींनी वाढण्याचा डाव शांतपणे खाली ठेवला आणि अगदी लखनवी अदबीनं म्हणाल्या,

"सीमा जी, बुरा मत मानिएगा. आइंदा किसी के गुज़रने की ख़बर हम आपसे नहीं लेंगे."