बावीस तिटांचं दुपटं

खोपोलीचा पोरगा आणि हातात सुई, एवढं ऐकल्यावर तुम्ही दोन अंदाज बांधले असणार. एक तर हा टेलरकडं कामाला असेल, नाहीतर कुठल्या पोरीसाठी रुमालावर बदाम काढत असेल. दोन्ही चूक. धबधबा, फार्महाऊस, घाटातलं धुकं यांची वाट बघत असाल तर तेही नाही. ही गोष्ट एका दुपट्याची आहे. बाळाला गुंडाळतात ते दुपटं. आणि बाळ माझं नाही, आधीच सांगतो.

मला आवाज काढता येतात. शाळेत हेडसरांचा आवाज काढून एकदा अख्खी आठवी ब घरी सोडली होती. हळदीला, गणपतीला लोक मला बोलावतात आणि भजी खाऊ घालून पोलीसपाटलांचा आवाज काढायला लावतात. पण सगळ्यात पक्का बसलाय तो आईचा. त्या आवाजात मी दूधवाल्याला झापलंय, बाबांना बाजारातून कोथिंबीर आणायला लावलंय.

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आई काळा चष्मा लावून आत झोपलेली. डॉक्टरांनी सांगितलेलं, महिनाभर वाकायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, सुईदोऱ्याचं तर नावच नाही. तेवढ्यात आईचा फोन वाजला. कर्जतहून ताई. मी म्हटलं, जरा गंमत करू.

"बोल गं," मी आईच्या आवाजात.

"आये, डोळा कसा हाय?"

"डोळ्याला काय झालंय? तू जेवलीस का?"

इथवर झकास चाललेलं. मग ताई म्हणाली, "आये, ते दुपटं गं. पेटीत ठेवलेलंस ते. पुरं केलंस का?"

हे दुपटं काय ते सांगतो. ताईच्या लग्नाला सहा वर्षं झाली. लग्नानंतर वर्षभरातच आईनं स्वतःच्या दोन जुन्या मऊ साड्या एकावर एक घालून दुपटं टाचायला घेतलं होतं. सोबत एक कुंची, एक झबलं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आईच्या दुपट्यात वाढलीत, मग लेकीचं का मागं ठेवायचं? पण कर्जतहून काही बातमी आली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. एक दिवस आईनं तिन्ही वस्तू अर्ध्याच घडी करून पत्र्याच्या पेटीत तळाला घातल्या. त्यावर कोणी बोलायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. आता ताईला सहावा महिना चालू होता. आई पेटी उघडणार, तोवर डोळ्याची तारीख मिळाली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी जीभ वळवळली.

"झालं की गं! दुपटं झालं, कुंची झाली, झबलंपन झालं."

तिकडून हुंदका. ताई रडत होती. "मला वाटलं, तू ते टाकूनच दिलंस."

आता सांगा, इथं 'अगं येडे, मी हाय' असं कसं म्हणायचं? माझ्याच्यानं नाही झालं. उलट आणखी एक पुडी सोडली, "आनि फोनवर पुन्यांदा इचारू नको. बाळाच्या वस्तूंचं फोनवर बोलू नये, दृष्ट लागते."

"बरं. पण मी सासूबाईंना सांगनार हां. पुढल्या महिन्यात सातवा लागला की त्याच सोडायला येतायत. त्यांना बघायचंय."

महिनाभरात दुपटं झालं नाही तर विहिणीसमोर खोटी पडणार होती आई. जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पेटी उघडली. दुपट्याला कडेनं एकच फेरा घातलेला. कुंचीवर वेलाची एकच ओळ. झबल्याचा फक्त गळा टाचलेला. मी ते सगळं पिशवीत कोंबून शेजारच्या चाचीकडं गेलो. चाची साड्यांना फॉल लावून देते, तिच्याइतका बारीक हात गल्लीत आईचाच.

"तू शिवनार?" चाची हसता हसता खाटेवर बसली. "तुला शर्टाचं बटन तरी लावता येतं का रं?"

"शिकव ना चाची. आवाज काढतो तसा हात काढायचा, दुसरं काय."

तिनं दाखवलं. धावदोरा म्हणजे सुई खाली, वर, खाली, वर, बास. पण टाका तांदळाच्या दाण्याएवढाच. "मोठा घेतलास तर बाळाचं बोट अडकंल त्यात," ती म्हणाली, आणि माझा पहिला वीतभर धागा सरळ ओढून काढला. तीनदा काढला. चौथ्यांदा नुसती मान हलवली.

मग मी आईचा टाका नीट बघितला. माणूस बोलताना कुठं थांबतो, कुठं खोकतो, हे आम्ही नकलाकार टिपतो ना, तसंच. आईचा टाका जरा उजवीकडं कलतो. कोपऱ्यावर वळताना एक टाका दुहेरी असतो. आणि फेरा संपतो तिथं एक वाकडा, काळ्या दोऱ्याचा टाका. कुंचीची ओळ संपते तिथंही काळा. झबल्याच्या गळ्यालाही. म्हटलं, सापडली आईची लकब!

"काळा दोरा कशाला रं?" चाचीनं रीळ देताना विचारलं.

"आईची डिझाईन हाय. फेरा संपला की एक काळा."

"असंल बाबा, तुमच्यात," चाची म्हणाली.

माझी कुंभिवलीच्या गोडाऊनला दुपारची पाळी असते. म्हणून रोज सकाळी, बाबा कंपनीत गेले की, आईच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि शेजारच्या खोलीत दुपटं मांडीवर घेऊन बसायचं. आईला काळ्या चष्म्यातनं धड दिसत नव्हतं, पण कान शाबूत.

"काय करतोस रं एवढा गप?"

गप राहणं म्हणजे माझ्यावर संशय. म्हणून मी तोंडानं मॅच लावायचो. पब्लिकचा गोंगाट, कॉमेंट्री, सगळं. सुई बोटात घुसली की ओरडायचो, "आऊट!"

"कोन आऊट झालं?" आई आतून.

"आपलाच गं."

पहिला फेरा दोन सकाळी चालला. पण दुपट्याचे बाहेरचे फेरे लांब, आतले आखूड होत जातात. दहाव्यानंतर दिवसाला एक होऊ लागला. शेवटचे पाच तर दोन दिवसांत. खरं सांगू? मजा यायला लागली. पाळीवर खोके उचलतानाही डोक्यात खाली, वर, खाली, वर. कुंची आणि झबलं चाचीला दाखवत दाखवत पुरं केलं. ताई यायच्या आदल्या दिवशी बाविसावा फेरा संपला. शेवटचा काळा टाका मारला, दातानं दोरा तोडला आणि फरशीवर आडवाच झालो.

दुसऱ्या दिवशी ताई आणि तिच्या सासूबाई आल्या. आईचा चष्मा अजून होताच. चहा झाला आणि सासूबाई म्हणाल्या, "विहीनबाई, दाखवा की दुपटं. ही महिनाभर तेच सांगतेय."

"कसलं दुप..." आईनं तोंड उघडलं.

"आनतो, आनतो!" मी धावलो आणि तिन्ही वस्तू थेट आईच्याच मांडीवर ठेवल्या.

आईचा हात दुपट्यावरून फिरला. कडेला जरा थांबला, मग आत आत जात राहिला. मग दुपटं उचलून तिनं विहिणीकडं दिलं.

"हात गेला नाय हां तुमचा," सासूबाई म्हणाल्या. "आनि ही काळी नक्षी नवीन वाटतं? छान हाय."

"हां," आई म्हणाली. "नवीनच हाय."

ताईनं दुपटं पोटाशी धरलं ते सोडलंच नाही. सुटलो! मी सासूबाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेलो तो शीळ घालत परत आलो.

दारात पाऊल ठेवलं. आई खिडकीशी उभी, चष्मा कपाळावर, दुपटं उजेडात धरलेलं.

"हे काय हाय?"

"तुझी डिझाईन."

"डिझाईन? मुडद्या, ती तीट हाय, तीट! बाळाच्या गालाला लावतात तशी दुपट्याला एक लावायची. एक! बावीस तिटा? एकाच लेकराला किती दृष्ट लागनार हाय रं?"

ताई पोट धरून हसायला लागली. "आये, हसवू नको, कळ येते."

"तू गप. सांगितलं हिनं मला सगळं. आनि फोनवर बोलू नये म्हनं! कुठल्या शास्त्रात हाय ते? माझ्या तोंडानं लेकीला थापा मारतोस? पुन्हा माझा आवाज काढलास तर तोंड शिवीन तुझं, धावदोऱ्यानं. बस इथं. एकवीस उसव, पहिला माझा हाय तो ठेव."

मी सुई घेतली आणि माझा पहिला काळा टाका वरूनच उचकटला.

"उलट्या बाजूनं, येड्या! वरून वढलंस तर कापड फाटंल. महिनाभर शिवलंस आनि उसवायला नाय शिकलास?"