आक्कांच्या कमरेवरचा काळा डाग

माझी नणंद तापाने गेलेली नाही.

ज्यांनी काल ग्रुपवर "किडा चावून झालेल्या जुन्या आजाराने निधन" असं टाकलं, त्यांनी ते आधी डिलीट करावं. मग हे वाचावं.

आक्का काल सकाळी गेल्या. पेठ वडगावात, स्वतःच्या घरात, चहा पिऊन, सुनेला साखर कमी पडल्याचं सुनावून. ऐंशी कधीच ओलांडली होती. याला आजार म्हणत नाहीत.

तो ताप फार वर्षांपूर्वीचा.

पावसाळा संपत आला होता. आक्का रोज म्हशीसाठी ओढ्याकाठचं गवत कापायला जायच्या. एक दिवस थंडी वाजून ताप भरला, डोकं फुटायची वेळ आली. त्यांच्या मुलाने त्यांना कोल्हापुरात आमच्याकडे आणून सोडलं.

निदान प्रत्येकाकडे तयार. माझा भाचा म्हणाला डेंग्यू, आणि पपईच्या पानांचा रस पाजायला लागला. शेजारीण म्हणाली चिकनगुनिया. आमच्या ह्यांनी, म्हणजे आक्कांच्या सख्ख्या भावाने, हवा बदलल्याने असेल असं सांगून पेपर उघडला.

नॉन्सेन्स.

टेस्ट झाल्या. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. ताप उतरेना. एरवी मला एक वाक्य पूर्ण करू न देणाऱ्या आक्का गप्प पडून राहायला लागल्या, तेव्हा मी घाबरले. त्यांना ॲडमिट केलं.

डॉक्टर तरुण होता आणि हुशार होता, मान्य करते. बाई गवतात काम करतात म्हटल्यावर त्याने एक नाव सांगितलं, स्क्रब टायफस. उंदरा-घुशींच्या अंगावरून गवतात येणारा, डोळ्यांना न दिसणारा किडा चावतो. चावतो तिथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कळत नाही. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ होता आणि आक्कांची किडनी थकायला लागली होती. खपली सापडली तर वाट बघायची गरज नव्हती.

पण आक्का त्याला बघू देतील तर ना. अर्धवट शुद्धीतही पदर मुठीत.

शेवटी सिस्टरने पडदा ओढून तपासलं. बाहेर येऊन म्हणाली, कुठे काही नाही.

मला राहवलं नाही. मी आत गेले. मान पाहिली, काखा पाहिल्या. मग कमर. उजव्या बाजूला एक काळा, गोल डाग.

"त्ये नाडीचं हाय गं," आक्का पुटपुटल्या. "तुझ्या कमरंला न्हाय व्हय?"

आहे की.

साडी नेसणाऱ्या कुठल्या बाईच्या कमरेला नाही? परकराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी करकचते, तिथली कातडी काळी पडते. सिस्टरच्याही कमरेला असणार. म्हणून तर तिने बघून सोडून दिला. एखाद्या पुरुषाने पाहिला असता तर निदान विचारलं तरी असतं, हे काय म्हणून.

पण मी या बाईंबरोबर घरातल्या प्रत्येक लग्नात एका खोलीत साडी नेसलेली आहे.

आक्का डावखुऱ्या.

लहानपणी डाव्या हाताने वाढलं म्हणून त्यांनी उलथन्याचा मार खाल्ला होता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्याच गुन्ह्याला लाकडी पट्टी असायची, फक्त रागावणं इंग्लिशमध्ये. त्यामुळे चार लोकांत दिसणारं सगळं आक्का उजव्या हाताने करायच्या. न दिसणारं डाव्या. परकराची गाठही डावीकडेच.

"आक्का, तुमची गाठ डावीकडे असते."

त्यांचा डावा हात कमरेवर गेला आणि गाठ चाचपून आला.

मग म्हणाल्या, "मग ह्यो कशाचा?"

मी पडदा सारून डॉक्टरला हाक मारली. आक्कांनी पुन्हा पदर आवळला.

"लाजायचं असेल तर जिवंत राहून लाजा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि मूठ सोडली.

डॉक्टरला एक नजर पुरली. औषध लगेच सुरू झालं. महागडं काही नाही, जुनं, साधं अँटिबायोटिक.

दोन दिवसांनी मी खोलीच्या दारापर्यंत पोहोचले तर आतून आवाज येत होता. आक्का सिस्टरला समजावत होत्या की हॉस्पिटलच्या आमटीला आमटी म्हणणं हे पाप आहे. मी आत गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसून आधी रडून घेतलं.

डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी शहाणपणा सांगितला, आता गवतात जायचं नाही. म्हणजे म्हशीने पिझ्झा खायचा?

आक्का गवतात गेल्याच. पण साडीखाली भावाची ऑफिसची पॅन्ट, ती मोज्यांत खोचलेली, वर फुल शर्ट. घरी आल्या की कपडे थेट उकळत्या पाण्यात आणि स्वतः कडकडीत पाण्याने, साबण लावून आंघोळ. आमचे हे महिनाभर कपाटात पॅन्ट शोधत होते. मी सांगितलं नाही.

सुनेच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दारातच विचारणा व्हायची, "गाठ कुठल्या अंगाला मारतीस? डाग त्याच अंगाला हाय न्हवं?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण घरी गेल्यावर बघायच्या. तुम्हीही बघा. गवतात, शेतात जाऊन आल्यावर ताप आला तर कमरेवरचा काळा डाग नाडीचा म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरला दाखवा. तो पुरुष असला तरी.

त्या तापानंतर मिळालेली सगळी वर्षं आम्ही दोघींनी भांडण्यात घालवली. पुरणात जायफळ की वेलची, टीव्हीचा आवाज, माझे कापलेले केस, त्यांची मिसरी. एकही वर्ष वाया गेलं नाही.

काल वडगावात बायका रडत होत्या आणि मधेच आक्कांचं काहीतरी आठवून हसत होत्या. मी त्यांच्यातच बसले होते.

आक्का, पोटभर जगलात. माझा मनापासून नमस्कार. आता निवांत जा, वाटेत कुणाला शिकवत बसू नका.