पळत कुरकुंभला

लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा मालगाडीवर गार्ड होता. शिट्टी आणि बावटे घेऊन तो ड्यूटीवर गेला की कधी दुसऱ्या दिवशी उगवायचा, कधी तिसऱ्या. दोन खोल्यांचं घर, माणसं दोन, त्यातलं एक कायम गाडीवर. आवरून आवरून किती आवरणार? मग मी पळायला लागले.

पळायची सवय तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेतली. शर्यतीत मी बऱ्यापैकी पुढं असायचे. पण मुलीचं पळणं शाळेबरोबर संपतं असं घरात सगळेच धरून चालले होते, आणि मीही. दौंडला क्वार्टरच्या मागं मोठं मैदान होतं, एका कडेला यार्डाची, डबे उभे करायची साइडिंग, दुसऱ्या कडेला कडुनिंब. ते मोकळं मैदान रोज खिडकीतून बघून बघून एका सकाळी पाय आपोआप निघाले. शेजारच्या पंजाबी बाईकडून मी सलवार-कमीज शिवून घेतला. नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट पुढं कापूस कोंबून घातले.

नवरा मुळात अबोल. त्यानं एवढंच सांगितलं, की रुळाच्या कडेनं पळू नकोस. ड्रायव्हर लोक ड्यूटीवर भेटले की सांगायचे, तुझी बायको आज स्टेशनबाहेरच्या होम सिग्नलपर्यंत आली होती.

हळूहळू मैदान अपुरं पडायला लागलं. बारामतीकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुरकुंभ आहे, टेकडीवर देवीचं देऊळ आहे. मी मनाशी घेतलं, की आपल्या दारातून निघायचं आणि कुरकुंभच्या स्टँडपर्यंत मध्ये कुठंही न थांबता पळत जायचं. येताना एस.टी. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीस काही नव्हतं. पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. रोज थोडं थोडं वाढवत मी अर्ध्याच्या पुढं गेले, आणि मग सकाळी उठलं की मळमळायला लागलं. मला वाटलं, रिकाम्या पोटी पळून पित्त झालं. शेजारच्या पंजाबी बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पित्त नाही म्हणून सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी पळण्याचं विचारल्यावर त्यांनी, तुम्ही कुठं जायला पळता, असं विचारलं. कुरकुंभला, म्हटल्यावर त्यांनी एस.टी.चा पर्याय सुचवला. चालायला मात्र परवानगी दिली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझ्या भावजयीचे दिवसही त्याच सुमाराला भरत होते, आणि एका छपराखाली दोन बाळंतपणं नकोत म्हणून आईनं मला दौंडलाच राहायला सांगितलं. त्यामुळं पाबळहून सासूबाई आल्या. डिंक, खारीक, बाळंतशेपा असं मोठं गाठोडं होतं, आणि ते त्यांनी स्टँडपासून डोक्यावर आणलं होतं.

सासूबाईंचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. आता पाबळला शेती होती, घर होतं, पण चालण्याचा कंटाळा त्यांना माहीत नव्हता. मी पळत होते हे त्यांना मुलानं सांगितलं होतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला शेंगा फोडता फोडता विचारलं, "मेंढरू पळालं तर आपुन पळायचं. तुझं काय पळालंय?"

मी पुढची शेंग फोडली. त्याचं उत्तर मला आजही नीट येत नाही.

मुलगी झाली. फार त्रास न देता झाली. सासूबाईंनी तिला हातात घेऊन, कामाची पोर हाय, उगं येळ घालवला न्हाई, असं म्हटलं आणि त्या दिवसापासून माझा ताबा घेतला. शेक, शेगडी, कानाला फडकं आणि डिंकाचे लाडू. सकाळी लाडू, दुपारी अळीवाची खीर, तिन्हीसांजेला परत लाडू. मी खिडकीशी उभी राहिले तरी त्या खिडकी लावायच्या. बाळंतिणीला वारं लागतं. मी एकदा भीत भीत विचारलं, आत्या, महिन्यानं पळायला गेले तर चालेल का? त्या म्हणाल्या, बसल्या जागी वारं लागतं ते येगळं, तू तर त्याला शोधायला निघालीस.

सव्वा महिना झाला. मी पेटीतला सलवार-कमीज बाहेर काढला. कमीज गळ्यातून गेला आणि काखेत अडकला. सासूबाईंनी तो माझ्या अंगावरून ओढून काढला, घडी घातली आणि आपलं एक जुनं लुगडं आणून मला नेसवलं. कासोटा असा घट्ट मारला की मला श्वास घेता येईना. मग त्यांनी मला घरातल्या घरात उकिडवं बसायला, उठायला, उडी मारायला लावली. लुगडं तसूभरही हललं नाही. हे चाललेलं असताना नवरा ड्यूटीवरून आला, दारात उभा राहिला, आणि बूट न काढता परत बाहेर जाऊन बसला.

म्हणजे परवानगी मिळाली होती. अडचण वेगळीच होती. पोरीला भूक कधी लागेल याचा काही नेम नव्हता. ती झोपली म्हणून मी निघावं आणि मैदानाच्या पार टोकाला असताना तिनं उठावं. तिचा आवाज वाऱ्यावर कधी पोचायचा, कधी नाही. मग सासूबाई तिला घेऊन कडुनिंबाखाली येऊन बसायला लागल्या. मला हाका मारून त्यांचा घसा बसायचा, म्हणून त्यांनी घरात पडलेला मुलाचा जुना, विटलेला लाल बावटा आणला. पोर रडली की बावटा वर. मी दिसेल तिथून वळायचे, पदर आवरून बसायचे, पोरीला पाजायचे आणि परत सुटायचे. आठवडाभर हे इतकं सुरळीत चाललं की आम्ही तिघी एकमेकींवर खूश होतो.

एक दिवस कडुनिंबाखाली ऊन आलं, म्हणून सासूबाई साइडिंगच्या बाजूला सावलीत जाऊन बसल्या. पोर रडली. त्यांनी बावटा वर केला. मी वळले, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागं मोठ्यानं ब्रेक लागल्याचा आवाज झाला. शंटिंगचं इंजिन डब्यांची रांग घेऊन येत होतं, ते वाफ सोडत जागेवर उभं राहिलं. ड्रायव्हर उतरून घाईघाईनं सासूबाईंकडं आला. त्यांना वाटलं, बाळ बघायला आला. त्यांनी दुपटं बाजूला करून त्याला पोरीचं तोंड दाखवलं. तोही भला माणूस, त्यानं आधी पोरीकडं बघितलं, बरी आहे म्हणाला, आणि मग लाल का दाखवला ते विचारलं.

"हिला भूक लागली," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं इंजिनाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मग मी धापा टाकत पोचले आणि सगळं सांगून टाकलं. तो मान हलवून इंजिनावर परत चढला, पण यार्डात अशी गोष्ट लपून राहत नाही. नवऱ्याला साहेबांनी बोलावलं. त्याच्याबरोबर सासूबाईही गेल्या, त्यांना कोण अडवणार? साहेब विचारत होते बावटा बाहेर कसा गेला, आणि सासूबाईंची समजूत झाली की ड्रायव्हरवर बालंट आलंय. त्यांनी साहेबांना ठणकावून सांगितलं, की लाल दाखवल्यावर तो थांबला, ह्यात त्याची काय बी चूक न्हाई, लई गुणाचा माणूस हाय. साहेबांनी बावटा ठेवून घेतला आणि दोघांना घरी पाठवलं. नवरा म्हणाला, साहेब शेवटपर्यंत हसले नाहीत, पण आम्ही बाहेर पडल्यावर दार फार घाईनं लावलं.

ही बातमी क्वार्टरभर झाली. पाण्याच्या नळावर बायका विचारायच्या, सून पळते कशासाठी? सासूबाईंना माझ्यासारखं निरुत्तर राहायची सवय नव्हती. त्यांनी सांगून टाकलं, की बाळंतपण सुखरूप होऊ दे, सून कुरकुंभला पळत दर्शनाला येईल, असा देवीला नवस बोललाय.

मी हे ऐकलं ते चार दिवसांनी. तोपर्यंत नळावरच्या बायकांनी माझ्याकडं बघण्याची पद्धत बदलली होती. आता कुणी हसत नव्हतं. उलट पंजाबी बाईसुद्धा एक नारळ घेऊन आली आणि म्हणाली, माझ्याकडूनही देवीला वाहा. तिच्या मागं आणखी बायका आल्या. कुणाचा नारळ, कुणाचं खणा-नारळाचं वाण, कुणाच्या हिरव्या बांगड्या. मी सासूबाईंना म्हटलं, आत्या, मी नवस बोललेच नव्हते. त्या म्हणाल्या, तू न्हाई बोललीस, मी बोलले. आणि पळायचं तर तुलाच व्हतं.

मी नारळ मोजायला बसले.

नवऱ्याची सुट्टी बघून दिवस ठरला. बेत असा, की मी पहाटे निघायचं, नवऱ्यानं सायकलवर नारळ घेऊन माझ्या मागं यायचं, आणि सासूबाईंनी पोरीला घेऊन मागून एस.टी.नं कुरकुंभला येऊन थांबायचं. निघताना पोरीला पोटभर पाजलं. लुगडं नेसवताना सासूबाईंनी कासोट्याला जरा जास्तच पीळ दिला.

सुरुवात छान झाली. दौंड मागं पडलं, दोन्ही बाजूला माळ आणि मधूनच ज्वारी. मागून सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशव्यांत नारळ एकमेकांवर आपटत होते, त्या ठेक्यावर माझे पाय पडायला लागले. शेतावर निघालेले लोक थांबून बघायचे. पुढं लुगडं नेसलेली बाई पळतेय आणि मागं सायकलवर माणूस, हे बघून एका म्हाताऱ्यानं नवऱ्याला अडवून, भांडण मिटवा, असं सांगितलं. नवरा खाली उतरून त्याला नारळ दाखवत बसला आणि मागं पडला.

अर्ध्याच्या बऱ्याच पुढं गेले असेन, तेव्हा मागून एस.टी. आली. ड्रायव्हरला वाटलं, बाई गाडी चुकली म्हणून पळतेय. त्यानं माझ्यापुढं नेऊन गाडी उभी केली. मी मानेनं नको म्हटलं आणि बाजूनं पळत गेले. त्यानं पुन्हा पुढं नेऊन उभी केली. कंडक्टर दारात लोंबकळून, या बाई, जागा आहे, म्हणत होता. खिडकीतून सासूबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, "ती आमचीच हाय. देवीचा नवस हाय, पळू द्या तिला."

तेवढ्यावर भागलं असतं. पण मी कंडक्टरला, पुढं व्हा, म्हणाले आणि माझा आवाज ऐकून पोर जागी झाली. तिनं असा सूर लावला की गाडीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. सासूबाईंनी मांडी हलवली, थोपटलं, काही उपयोग नाही. मी पळत होते आणि गाडी माझ्या बरोबरीनं हळूहळू येत होती, आतून रडणं ऐकू येत होतं. शेवटी पुढच्या सीटवरचे एक फेटेवाले आप्पा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "बाई, देवी कुठं जात न्हाई. लेकराला घ्या."

मी थांबले. दुसरं काय करणार? गाडीत चढले, सासूबाईंनी पदर धरला, सगळी गाडी दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून बाहेर बघायला लागली. कंडक्टरला प्रश्न पडला, की गाडीत बसलेल्या पण कुठंच न जाणाऱ्या बाईला तिकीट फाडायचं का. त्यानं ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, चाक फिरलं नाही तर तिकीट नाही. तोवर नवराही सायकल दामटत पोचला. पोरीचं पोट भरलं, मी उतरले आणि पुढं निघाले. गाडी मला ओलांडून गेली तेव्हा मागच्या काचेतून एक-दोघांनी हात जोडले.

कुरकुंभला पोचले तर ती सगळी मंडळी स्टँडवर थांबलेली. फेटेवाल्या आप्पांनी गावाला नवसाची गोष्ट सांगून ठेवली होती. दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडायला वाकल्या आणि मी मागं सरताना सायकलवर आपटले. टेकडी चढलो, दर्शन झालं. नारळ कोणता कुणाचा, हे नवरा विसरला होता. सासूबाई म्हणाल्या, फोड, देवीला समद्यांची घरं म्हाईत हायत.

येताना सायकल टपावर टाकून सगळे एस.टी.त बसलो, मी खिडकीकडं तोंड फिरवून. नवऱ्यानं कारण विचारलं. म्हटलं, मध्ये थांबले ना. त्यानं रिकाम्या पिशव्यांची घडी घातली. मग म्हणाला, मधला हॉल्ट धरत नाहीत, गाडी पोचली म्हणजे पोचली. मी म्हटलं, मी काय मालगाडी आहे? त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि नाही म्हणाला.

पण मला ते पटलं नव्हतं. थंडी पडली, पोर मऊ भात खायला लागली, तेव्हा एका सकाळी कुणाला काही न सांगता मी निघाले. नवरा लाइनवर होता. गाडी आली नाही, आप्पा भेटले नाहीत, कुणी नमस्कार केला नाही. मी कुरकुंभच्या स्टँडवर पोचले, तेव्हा तिथं एक बैल आणि पेपर वाचणारा एक मास्तर होता. हॉटेलात पाणी मागितलं, दोन ग्लास प्यायले आणि बाकावर बसून एकटीच हसले. मास्तरांनी पेपर जरा वर धरला.

घरी आले तर ओट्यावर ही बायकांची गर्दी. मध्ये सासूबाई पोरीचा ओठ खाली ओढून सगळ्यांना दाखवत होत्या. पहिला दात आला होता. मला बघितल्यावर त्या म्हणाल्या, "बोट घालून बघ."

मी बोट घातलं. पोरीनं जोरात चावा घेतला.

"कुठवर गेलीस?"

"कुरकुंभ."

"न थांबता?"

"न थांबता."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या आणि पोरीला माझ्या मांडीवर टाकून उठल्या. "धर हिला. मला भाकरी टाकायच्यात."