पोर्चवरचा प्राणी

वास्तुकला म्हणजे एखाद्या समाजाने दगडात लिहून ठेवलेले आत्मचरित्र, असे आमचे चित्रकलेचे मास्तर दर नव्या वर्गाला सांगत. बंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीत ते चुन्यात लिहिलेले होते आणि दर दसऱ्याआधी त्यावरून चुन्याचा नवा हात फिरे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमचा हा रविवारचा वर्ग मराठी मंडळींनी चालवला होता. त्या वर्षीचा विषय होता घरांवरची नक्षी: कमानी, खांबांवरची पाने, गच्चीच्या कठड्यावरच्या सिमेंटच्या कुंड्या. जलरंगांत पांढरा रंग वापरायचा नाही, हा मास्तरांचा नियम. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा आणि फक्त सावली रंगवायची. म्हणजे चुन्याने माखलेल्या घराचे चित्र काढणे हे बहुतांशी काहीच न काढण्याचे काम होते. मी त्यात लवकर तरबेज झालो.

एका रविवारी आम्ही एका निवृत्त अमलदारांच्या बंगल्यासमोर बागेत बसलो. त्यांची अट एकच होती. आपल्या घराचे चित्र आपण पाहून पसंत केल्याशिवाय वर्गाच्या वार्षिक प्रदर्शनात लागता कामा नये.

पोर्चच्या माथ्यावर एक प्राणी होता. वर्षानुवर्षांचा चुना अंगावर घेऊन तो इतका गुबगुबीत झाला होता की डोके कुठले आणि पाठ कुठली, ते कळत नव्हते.

"विजयनगर शैलीचा सिंह," मास्तर म्हणाले.

"आयाळ स्पष्ट दिसतेय," विमान कारखान्यातले एक इंजिनियर म्हणाले.

"ती सोंड आहे," मी म्हणालो.

मालकांना विचारावे, असे कुणाच्याही मनात आले नाही. मास्तरांनी शैलीसुद्धा सांगून टाकल्यावर विचारणार कसे?

इंजिनियरांची बायकोही वर्गात होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. पेन्सिलीला टोक करता करता तिने जाहीर केले, "मास्तर, यंदा माझं चित्र लागलं नाही तर मी पुढच्या वर्षी येणार नाही हं. दोन वर्षं प्रदर्शनात माझा चिवडा असतो, चित्र नसतं."

"चिवडा उत्तम होता," मास्तर म्हणाले. त्यांनी हे म्हणायला नको होते. अक्काने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि कामाला लागली.

पहिला रंग वाळण्याआधीच तिने दुसरा दिला, त्यामुळे सावली पसरली. कागदावर एक पांढरा गोळा उरला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन करडे ओघळ.

"हा बटाटेवडा का?" इंजिनियरांनी विचारले.

"मला दिसलं ते काढलं. तुमचा सिंह तिथं कुठं आहे, दाखवा की."

इंजिनियरांनी वर पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग आपल्या सिंहाची शेपटी रंगवू लागले.

अकराच्या सुमाराला अमलदार कोट घालून बाहेर आले. सैन्याची पाहणी करावी तसे एकेकाच्या चित्राच्या फळ्यासमोरून चालू लागले.

"एनप्पा, काय हो हे, माझ्या दारावर कुत्रं?"

"सिंह आहे, सर," इंजिनियर म्हणाले.

माझ्यापाशी आले. "आणि हे डुक्कर?"

हत्ती आहे, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

"माझ्या आजोबांनी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "राजवाड्याची परवानगी काढून हा गंडभेरुंड बसवला. म्हैसूरच्या राजचिन्हातला दोन तोंडांचा पक्षी. यांतलं एकही लागणार नाही."

"मी मघाशी राजचिन्हाचंच म्हणत होतो," मास्तर म्हणाले. आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता.

अक्काचा फळा शेवटी होता. अमलदार थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्काच्या हातातल्या ब्रशातले पाणी तिच्या पायावर ठिबकत होते आणि तिला ते कळत नव्हते.

"एक तोंड इकडे," ओघळावर बोट ठेवत ते म्हणाले, "एक तिकडे. सरी, बरोबर. हिनं एकटीनं नीट पाहिलंय. हे लावा."

ते आत जाईपर्यंत कुणी हसले नाही. मग अक्कानेच सुरुवात केली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "लागणार ना, मास्तर?"

"लागणार म्हणजे काय," मास्तर म्हणाले, "या बंगल्याचं तेवढं एकच तर आहे."

सगळा वर्ग डोसा खायला गेला. इंजिनियरांनी बायकोचे चित्र पुढे धरून सगळा रस्ता कापला. स्वतःचे काखेत होते, रंगवलेली बाजू आत.

प्रदर्शनात अक्काचे चित्र सभागृहाच्या बरोबर मधोमध, दारासमोर लागले. प्रमुख पाहुणे हात मागे बांधून त्याच्यापुढे उभे राहिले आणि आकार व निराकार यांविषयी बरेच बोलले. अक्काने नवी साडी नेसून ते सगळे ऐकून घेतले. चित्र लावले त्या जागी भिंतीवर फ्यूजची पेटी होती, आणि ती पूर्ण झाकेल एवढी मोठी चौकट फक्त तिच्याच चित्राला होती.