उजवीकडे वळणारे हात

त्या सकाळचा रस्ता मला अजून जसाच्या तसा दिसतो. केज तालुक्यातला, नांदूरघाटकडे जाणारा सरळ डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना तुरीची रानं. रस्त्याच्या उजव्या कडेला एक जुनी पांढरी कार बाभळीला नाक लावून उभी होती. तिच्या शेजारी जमिनीवर चादर टाकलेली होती आणि चादरीखाली पन्नाशीतला एक शेतकरी होता.

मी तेव्हा तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होते. आठवणी निवृत्तीनंतर लिहायच्या, असा आमच्या खात्याचा रिवाज. मी काही वर्षांतच राजीनामा देऊन बाहेर पडले, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखी प्रकरणं थोडी आहेत. त्यातलं हे एक. नावं कुणाचीच देत नाही.

गाडी चालवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. आसपासच्या चार गावांत त्यांना गुरुजीच म्हणत. ते पळून गेले नव्हते. बाभळीजवळच्या दगडावर बसून होते आणि मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "डाव्या अंगानं बकरी आडवी आली. ब्रेक मारला. गाडी त्याच्याकडं गेली."

अपघात करणारा प्रत्येक जण गाडीला पाय फुटल्यासारखं बोलतो. मी ते ऐकून घेतलं, पंचनामा सुरू केला. लिहीत होते आमचे जमादार. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. माझं मराठी अक्षर पाहून त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मॅडम, तुमी बघा, मी लिहितो." मग मी बघायचंच काम करत असे.

त्या दिवशी मी गाडीखाली वाकून बघितलं. पुढचं डावं टायर आतल्या कडेला पार खाल्लेलं होतं, तारा दिसायच्या बाकी होत्या. पण त्याच चाकामागचे नट चकाकत होते. सगळ्या तळाला वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेवढ्या दोन-तीन जागी नवंकोरं काळं रबर. मी जमादारांना ते लिहायला सांगितलं. का, ते मलाही माहीत नव्हतं.

दुपारी जमादार चहा घेऊन परतले ते बातमी घेऊनच. "मॅडम, हा नुसता अपघात न्हाई दिसत. मयत आणि गुरुजींची शेतं लागून हायत. शेताच्या वाटेवरून दोन वर्षं बोलणं बंद हाय. मागच्या बाजारी गुरुजी हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणालेत, तुला एक दिवस बघून घेतो."

हॉटेलवाल्याला बोलावलं. त्याने मान खाली घालून तेच सांगितलं. संध्याकाळी मयताचा भाऊ पंधरा-वीस माणसं घेऊन ठाण्यात आला. आवाज न चढवता बोलला, म्हणून जास्त लक्षात राहिला. "रस्ता सरळ. ऊन पडलेलं. माझा भाऊ पार पलीकडच्या कडंला उभा. गाडी आपली बाजू सोडून पलीकडं जाती कावून? तुमी सांगा, मॅडम. खुनाचं कलम लावा, न्हाईतर आमी हितनं हलत न्हाई."

मी जमादारांना त्याचा जबाब घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन, सगळं सुस्थितीत. हा अहवाल गुरुजींच्या विरोधातच जात होता. गाडी चांगली, तर मग हात वाईट. रस्त्यावरची ब्रेकची खूण पुसट होती, तिच्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, कलमाचं काय ठरलं? मी एका दिवसाचा वेळ मागून घेतला. गुरुजींचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार की नाही, ते त्या एका दिवसावर होतं.

चौकशीत मी फारसं बोलत नाही. तो स्वभाव आहे, पण खात्यात त्याचा उपयोग झाला. समोरचा गप्प बसला की माणसाला राहवत नाही. गुरुजीही टेबलाकडे बघत आपणहून म्हणाले, "वाद होता. बोललोही होतो तसं. पण त्याला मारायचं कधी मनात आलं न्हाई. त्याची पोरं माझ्या हाताखाली शिकली, बाई."

मी विचारलं, "गाडी कशी चालत होती त्या दिवशी?"

"छान. लई दिवसांनी हलकी वाटली. मला वाटलं, हवा भरली असंल पोरीनं."

मला ते चकाकणारे नट आठवले. टेबलावर जमादारांच्या डब्याचं स्टीलचं झाकण होतं. मी ते गुरुजींच्या हातात दिलं.

"हे स्टेअरिंग समजा. तुम्ही सरळ चालला आहात. मी 'बकरी' म्हटलं की ब्रेक मारा."

त्यांना तो पोरखेळ वाटला असणार, पण त्यांनी झाकण धरलं. मी "बकरी" म्हणाले. त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला आणि त्याच क्षणी दोन्ही हात झाकणासकट उजवीकडे वळले. मी पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. चौथ्या वेळी जमादार लिहायचे थांबले.

"गुरुजी, तुम्ही ब्रेक मारताना उजवीकडे का वळवता?"

"मी?" त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मी कुठं वळवतो?"

केजमध्ये त्या गाडीचं काम वर्षानुवर्षं एकच मिस्त्री करत. साठीचे, नमाजी गृहस्थ. जीप गॅरेजपुढे थांबताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मॅडम, काम मीच केलं. परवाच. आणि काम बराबर केलं, कसम से."

"कामाबद्दल तक्रार नाही, चाचा. काय काय केलं, ते सांगा."

"पुढच्या दोन्ही आर्मचे बुश, म्हंजी चाकामागच्या सांध्यातली रबरं, आणि डावा शॉकअप नवा टाकला. जुने बुश पार फाटले होते. दोन वर्षं मी गुरुजींना सांगतोय, ब्रेक मारला की गाडी डावीकडं वढती, एक दिवस खड्ड्यात घालंल. तर म्हणायचे, चाचा, तिच्या खोडी मला पाठ हायत. ती डावीकडं गेली की मी उजवीकडं घेतो. आमचं जमतंय."

"मग आता काम कुणी सांगितलं?"

"ताईनं. लेकीनं. लातूरला नोकरीला हाय ती. गुरुजी लग्नाला गेलते, त्या दिवशी गाडी घेऊन आली. म्हणाली, आप्पांना सांगू नका, कशाला केलं म्हणून भांडतील."  मग मिस्त्रींच्या लक्षात आलं. ते तिथेच टायरवर बसले. "या अल्लाह. गाडी सुधरली, गुरुजी न्हाई सुधरले."

फाटलेले बुश भंगाराच्या डब्यात होते. ते पंचनामा करून जप्त केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानावर मिस्त्रींची स्वतःची, ब्रेक मारला की सरळ थांबणारी गाडी आणली. दोन पंच, शेजारी मिस्त्री, आणि चालवायला गुरुजी. मयताच्या भावाला मी मुद्दाम बोलावलं होतं. फक्कीची सरळ रेघ मारली. मी शिट्टी वाजवली की ब्रेक मारायचा. गाडी रेघेवरून सरळ आली, शिट्टी वाजली, गाडी उजवीकडे गेली. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या वेळेआधी मी त्यांना नीट सांगितलं, "गुरुजी, हात सरळ ठेवा." त्यांनी मान हलवली, ओठ घट्ट मिटले, आणि गाडी उजवीकडेच गेली. गुरुजींनी कपाळ स्टेअरिंगला टेकवलं.

मयताचा भाऊ रेघेशेजारी उभा होता. "बास करा, मॅडम," तो म्हणाला. मग, कुणाकडेच न बघता, "खून न्हाई. पण माझा भाऊ तर गेलाच की."

खुनाचं कलम लागलं नाही. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचं दोषारोपपत्र गेलं आणि गुरुजींनी कोर्टात गुन्हा कबूल केला. शेताची वाट त्यांनी निकालाआधीच मोकळी करून दिली होती.

दोषारोपपत्र जाण्याआधी लेकीचा जबाब घ्यावा लागला. त्या एका जबाबावर खुनाच्या आरोपातून वडिलांची सुटका होती, म्हणून तिला सगळं सांगावंच लागलं. गाडी कधी नेली, काय बदललं, आप्पांपासून का लपवलं. माझ्याच वयाची होती. सही केल्यावर पेन खाली ठेवून म्हणाली, "मी तशीच राहू दिली असती, तर?"

जमादारांनी माझ्याकडे बघितलं, लिहू का म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं. तो प्रश्न जबाबात नाही.

मला शिकवलं होतं की गुन्ह्यात आधी हेतू शोधायचा. इथे हेतू चांगलाच होता, मुलीचाही आणि मिस्त्रींचाही. गुरुजींचा राग होता, पण तो त्या सकाळी गाडीत नव्हता. गाडीत होती ती दोन वर्षांची सवय, आणि ती सवय वाहन निरीक्षकाला सापडणार नव्हती, कारण ती गाडीच्या कुठल्याच भागात नव्हती. तेव्हापासून माणूस काय सांगतो ते ऐकताना मी त्याचे हातही बघते.

नोकरी सोडल्यानंतर एकदा केजला गेले होते. त्या गॅरेजसमोरून जाताना थांबले. मिस्त्री एका गाडीत शेजारच्या सीटवर बसले होते. गाडीचा मालक चालवत होता. मोकळ्या जागेत ते पुढे जात, थांबत, पुन्हा मागे येत. मालक वैतागला होता. "चाचा, झाली की दुरुस्त आता. उतरा खाली, कामं हायत मला."

"दहा वेळा ब्रेक मारायचा, मंग उतरतो," मिस्त्री म्हणाले. "सहाच झाले."