खिडकीबाईंचा शिव्यांचा तास

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून बाईंनी उभ्या शहराच्या शिव्या खाल्ल्या होत्या. नळ कोरडा, शिव्या बाईंना. पाणी गढूळ, शिव्या बाईंना. त्या शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "तक्रार नोंदवली. आणखी काही?" चिडून खुर्ची सोडल्याचं कुणाला आठवत नाही. लोक त्यांना खिडकीबाई म्हणू लागले आणि त्यांनीही ते नाव खुशाल मिरवलं.

निवृत्त झाल्यावर त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्वयंसेवक तयार करू लागल्या. अफूच्या जातीच्या गुंगीच्या गोळ्या किंवा तसली पूड जास्त झाली की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. तेव्हा हाक मारून हलवायचं, रुग्णवाहिका बोलवायची, मान मागे करून नाकात औषधाचा फवारा मारायचा, श्वास चालत नसेल तर तोंडाने द्यायचा. एवढं शिंप्यापासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना एका सकाळीत जमे. घोडं पेंड खाई ते पुढे.

कारण फवाऱ्याने शुद्धीवर आलेला माणूस आभार मानत नाही. नशा खाडकन उतरलेली, अंग मोडून आलेलं. समोर दिसेल त्याचा तो उद्धार करतो. आणि फवाऱ्याचा असर गोळीच्या आधी संपला, तर श्वास पुन्हा थांबू शकतो. म्हणून मदत येईपर्यंत त्याच्यापाशी बसायचं असतं. सभ्य माणसं नेमकी तेव्हाच उठून जातात.

म्हणून शेवटचा तास शिव्यांचा. बाई स्वतः चटईवर आडव्या होत आणि फवाऱ्याचं नाटक झालं की डोळे उघडत. मग त्यांच्या जिभेला हाड राहत नसे. मुख्याध्यापक पहिल्या खेपेला "क्षमा असावी" म्हणत बाहेरच पडले.

"सर, क्षमा कसली मागताय?" बाई चटईवरूनच ओरडल्या. "मी मेले ना इकडे!"

पुढच्या खेपेला सर बसले. हळूहळू सगळेच बसायला शिकले. शिकेना ती फक्त बाईंची सख्खी धाकटी बहीण, आणि गरज सगळ्यांत जास्त तिलाच होती. तिचा मुलगा रंगारी. शिडीवरून पडला, पाठ दुखावली, डॉक्टरांनी दुखण्यावर तसल्याच गोळ्या दिल्या. डॉक्टर थांबले, गोळ्या थांबल्या नाहीत. तो नुकताच उपचार घेऊन घरी आला होता. सवय सुटलेल्या अंगाला जुनीच मात्रा झेपत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि वडील गेल्यापासून घरात आईखेरीज कुणी नव्हतं.

धाकटीचा हात चांगला होता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणाचा कुठला शब्द कसा लागला, हे तिला वर्षानुवर्षं लक्षात राही. चटईवरून बाई म्हणाल्या, "पोराला तूच बिघडवलंस," आणि ही पर्स उचलून चालती झाली. बाईंनी तिला जिन्यात गाठलं.

"अगं, नाटक होतं ते."

"नाटकात एवढा जोर येत नाही, ताई. तुझ्या मनातलंच होतं ते."

"तो बोलेल तेव्हा याच्या दुप्पट जोर असेल. तेव्हा कुठे जाशील? मला काय शिव्या लागत नव्हत्या? रोज लागायच्या. पण मी उठले असते तर पाण्याचं कुणी बघितलं असतं?"

धाकटी जिना उतरून घरी गेली. बाई मनातून घाबरल्या. जगाला शिकवलं आणि घरच्याच माणसापुढे हात टेकले, असं त्यांना वाटलं.

एका दुपारी फोन आला. "ताई, फवारा मारलाय. रुग्णवाहिका रेल्वेच्या फाटकात अडकलीय. तू ये."

गुडघ्यांना न जुमानता बाई दोन गल्ल्या ओलांडून पोचल्या. जिन्यातच भाच्याचा आवाज ऐकू आला. शिव्या म्हणजे श्वास चालू. बाईंना बरं वाटलं, आणि लगेच धसका बसला: ही उठून तर गेली नसेल?

ती न्हाणीघराच्या दारात फरशीवर बसली होती. पोरगा आत भिंतीला टेकून तोंडाला येईल ते बकत होता.

"बाबांच्या जागी तू मरायला हवी होतीस."

धाकटीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "नोंदवलं," ती म्हणाली. "आणखी काही?"

"तू माझी आई नाहीस."

"तेही नोंदवलं. बोल पुढे."

तो बोलत राहिला. मग आवाज खाली आला. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "निवळला गं. दमला."

"नाही ताई. शब्द तुटतायत त्याचे."

बाईंनी शिव्या जन्मभर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडल्या होत्या. धाकटीने एकही सोडली नव्हती. तिने त्याला आडवा केला, मान मागे केली आणि दुसरा फवारा मारला. दोन श्वासांमधलं अंतर अगदीच लांबलं होतं. तिने नाक चिमटीत धरून आपला श्वास द्यायला सुरुवात केली. एकदा, पुन्हा, पुन्हा. बाई तिच्याबरोबर नुसत्या श्वास मोजत उभ्या राहिल्या.

पोराची छाती उचलली. तो खोकला, डोळे उघडले आणि आईला ओळखून त्याने पहिल्यापेक्षा घाणेरडी शिवी हासडली.

रुग्णवाहिकेची माणसं जिना चढत होती. धाकटीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बोल, राजा," ती म्हणाली. "थांबू नकोस. बोल."