मंगळवार की बुधवार

बडा गणपती मंदिराजवळ ब्लाऊज शिवणाऱ्या एका बाईंकडे मी मूल दत्तक घेतलेल्या कुटुंबांवरच्या मानसशास्त्रीय अभ्यासाची प्रश्नावली घेऊन गेले. नियमाप्रमाणे म्हटलं, "मुलीला जरा बाहेर पाठवा."

मशीनचं चाक हाताने थांबवून त्या म्हणाल्या, "नाही मॅडमजी. गोष्ट तिची आहे, ती इथंच बसेल. मी लपवलं तर गल्लीवाले सांगतीलच, वो भी मिर्च-मसाला लगा के."

दुसरीतली ती मुलगी चिंध्यांशी खेळत ऐकत होती.

"ही घरी कधी आली?"

"मंगळवारी दुपारी."

"बुधवारी, आई! तूच तर नेहमी सांगते, मंगळवारी तू अन् बाबा पाळणा आणायला गेले होते."

"हो, बुधवारच. लिहा," म्हणत बाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं.

मी खोडून बुधवार लिहिलं. आता प्रत्येक घरी माझा पहिला प्रश्न असतो, "मूल इथं बसेल ना?"